युनिकोड, डोमेन, बॅकअप: या सूचना आल्या कुठून?

सांगलीचा हळदीचा व्यापारी असो, तासगावचा बेदाणेवाला असो की शाळेच्या आठवणी लिहिणारे निवृत्त गुरुजी, स्वतःची साइट काढायची म्हटली की जाणकार तेच ते बजावतात: युनिकोडमध्ये (म्हणजे कुठल्याही संगणकाला कळणाऱ्या अक्षरांच्या सामाईक संकेतांत) लिहा, डोमेन (साइटचा वेबवरचा पत्ता) स्वतःच्या नावावर घ्या, बॅकअप (मजकुराची राखीव प्रत) ठेवा. ऐकणाऱ्याला ती किरकिर वाटते. पण मराठी मजकूर हातचा गेला, तेव्हा कुठे हे शहाणपण आलं.

भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुलं झालं १५ ऑगस्ट १९९५ ला. तेव्हा संगणकावरची मराठी म्हणजे श्रीलिपी, शिवाजी, कृतिदेव. या फॉन्टांत रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवलेले असत. छपाईला ते झकास. गावोगावचे डीटीपीवाले लग्नपत्रिकेपासून दिवाळी अंकापर्यंत सगळं त्यावरच काढत आले. वेबवर मात्र वाचणाऱ्याकडे नेमका तोच फॉन्ट नसला की पानभर अगम्य रोमन अक्षरं उमटत, आणि शोधयंत्रालाही तीच दिसत. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून होती, पण विंडोज २००० आणि एक्सपी आल्यावरच ती सामान्यांच्या संगणकावर पोचली. किर्लोस्करवाडीहून १९२० साली सुरू झालेल्या मासिकाचे जुने अंक आजही चाळता येतात. जुन्या फॉन्टात अडकलेली पंचवीस वर्षांपूर्वीची साइट मात्र वाचता येत नाही. आजही डीटीपीचा मजकूर युनिकोडात बदलणाऱ्या कन्व्हर्टरमधून काढून साइटवर चढवायचा तर रफार, पहिली वेलांटी आणि जोडाक्षरं स्वतः नजरेखालून घालावी लागतात.

पत्त्याची गोष्ट वेगळी. ब्लॉगर ही फुकट ब्लॉग लिहिण्याची सेवा १९९९ मध्ये आली, २००३ मध्ये गूगलने ती विकत घेतली आणि त्याच वर्षी साइट बनवायचं वर्डप्रेसही सुरू झालं. फुकट जागा मिळाल्यावर पुष्कळ मराठी माणसं लिहिती झाली, हे मान्यच करायला हवं. मात्र २००९ मध्ये याहूने जिओसिटीज ही फुकट साइटींची सेवा बंद केली, तेव्हा तिथल्या असंख्य पानांना घरच उरलं नाही. आपल्याला जास्त झोंबला तो ब्लॉगस्पॉट डॉट इनचा प्रकार. ब्लॉगरवरच्या ब्लॉगांचा मूळ पत्ता ब्लॉगस्पॉट डॉट कॉम. २०१२ पासून गूगल भारतातल्या वाचकांना डॉट इनच्या पत्त्यावर वळवू लागलं. लोकांनी तोच पत्ता उचलून एकमेकांना दुवे दिले. २०२० मध्ये डॉट इनचं ते डोमेनच गूगलच्या हातून निसटलं. लेख डॉट कॉमवर शाबूत होते, पण जुने दुवे मेले.

म्हणून स्वतःचं डोमेन घ्यावं, आणि त्याची नोंद आपल्याच नावावर, आपल्याच ईमेलवर असावी. साइट बनवून देणारा पोरगा हुशार असतो. तो उद्या पुण्याला नोकरीला गेला की नूतनीकरणाची सूचना भलत्याच इनबॉक्सात पडून राहते.

बाकीचं थोडक्यात. एचटीटीपीएस (साइट आणि वाचक यांच्यातली सांकेतिक, सुरक्षित देवाणघेवाण) नसलेल्या साइटला क्रोम जुलै २०१८ पासून ‘असुरक्षित’ म्हणू लागलं. वर्डप्रेसचे छोटे सुरक्षा अपडेट २०१३ पासून आपोआप होतात, वरून जोडलेल्या सोयींकडे, म्हणजे प्लगइनांकडे मात्र आपल्यालाच बघावं लागतं.

राहिला बॅकअप. २००५, २०१९ आणि २०२१ मध्ये कृष्णेचं पाणी सांगलीत शिरलं, तेव्हा तळमजल्यावरचा संगणक आणि त्याच कपाटातली हार्ड डिस्क एकदमच पाण्याखाली जाणार, हे उघड आहे. एक प्रत दुसऱ्या गावी किंवा क्लाउडवर हवीच. ब्लॉगर आणि वर्डप्रेस, दोन्हींत सगळे लेख एका फाइलीत उतरवून घेता येतात; त्या फाइलीत फोटो येत नाहीत, ते वेगळे साठवावे लागतात.