गुलछडी लावायच्या आधी मे महिन्याचं ऊन कामाला लावा

आमच्या अंगणात दक्षिणेच्या बाजूला एक पट्टा आहे, सकाळी नऊपासून संध्याकाळी पाचपर्यंत सलग ऊन, सगळे म्हणायचे इथे काही येणार नाही. गुलछडीला नेमकी अशीच जागा लागते. गुलछडी म्हणजे निशिगंधच, मूळची मेक्सिकोची, सावलीत लावली तर नुसती पात वाढत बसते आणि फुलाचा दांडा काही येत नाही.

कंद मरतो तो उन्हाने नाही, साचलेल्या पाण्याने. आपली काळी माती बघा, मे महिन्यात हात जाईल एवढ्या भेगा आणि जुलैत तिथेच चप्पल रुतून बसते. या मातीत माँटमोरिलोनाइट नावाचं खनिज असतं, त्याचे कागदासारखे पातळ थर असतात, थरांमध्ये पाणी शिरलं की ते फुगतात, मग मातीतली पोकळी बंद होते, हवा संपते आणि कंद सडवणाऱ्या बुरशीला रान मोकळं मिळतं. पुष्कळ जण यावर दोन घमेली वाळू टाकतात. एवढ्याशा वाळूने काही होत नाही हो, चिकणमातीचे बारीक कण वाळूच्या फटीत जाऊन बसतात! त्यापेक्षा वाफाच वीतभर उंच करा, गादीवाफा म्हणतात तसा, आणि त्यात शेणखत भरपूर घाला, पण पूर्ण कुजलेलं, हातात घेतल्यावर मातीचा वास यायला हवा, शेणाचा नाही. कच्च्या शेणखतातून हुमणी नावाची अळी येते आणि ती मुळंच कुरतडते.

आता उन्हाचं काम. गुलछडीचा मोठा शत्रू म्हणजे मुळांवर गाठी करणारे सूत्रकृमी, डोळ्यांना दिसत नाहीत, झाड नुसतं खुरटत जातं. त्यावर सोलरायझेशन करायचं, म्हणजे प्लॅस्टिकखाली उन्हाने माती तापवायची, 1976 साली इस्राएलमध्ये याकोव्ह कतान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही पद्धत शास्त्रीय पद्धतीने मांडली. वाफा सपाट करा, चांगला भिजवा, वर पारदर्शक प्लॅस्टिक ताणून पसरा आणि कडा मातीत दाबा. काळं प्लॅस्टिक नको, ते स्वतःच तापतं आणि मातीला उष्णता कमी पोचते. पारदर्शकमधून ऊन थेट मातीपर्यंत जातं आणि दुसऱ्या दिवशी प्लॅस्टिकच्या खालच्या बाजूला जे बारीक थेंब धरलेले दिसतात ते परत जाणारी उष्णता अडवतात. माती ओली का, तर ओल्या मातीतून उष्णता खोलवर जाते, शिवाय ओलाव्याने जागी झालेली तणाची बी आणि बुरशी लवकर मरते. वरच्या थराचं तापमान 50 अंशांच्या आसपास जातं, चार ते सहा आठवडे ठेवायचं, म्हणजे एप्रिलच्या मध्यावर झाकलं की मे अखेरीला काढता येतं. लव्हाळा हे तण मात्र यानेही पुरतं जात नाही, त्याच्या गाठी खोल असतात, त्या आधीच खणून वेचून काढाव्या लागतात.

प्लॅस्टिक काढल्यावर वाफा परत खोल खणू नका!! खालची न तापलेली माती तण आणि कृमी घेऊन वर येते आणि सगळी मेहनत वाया जाते. जूनच्या सुरुवातीला, पाऊस धरायच्या आधी, दोन सेंटिमीटरपेक्षा जाड कंद निवडा, कोंब वर ठेवून पाचेक सेंटिमीटर खोल लावा, दोन कंदांत वीतभर अंतर. एकदा पाणी द्या आणि मग हिरवं टोक दिसेपर्यंत पाणी देताना हात आखडता ठेवा.