ट्रेनिंगमध्ये गेलेली पोरं आणि ‘ऑपरेशनल’ या शब्दाचा घोळ

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमध्ये ट्रेनिंगच्या उड्डाणात गेलेल्या एखाद्या एकोणीस-वीस वर्षांच्या पोराच्या नावाचा दगड आज कुठल्यातरी शेताच्या बांधावर बसवतात, तेव्हा त्यावर नाव, वय, तारीख आणि विमानाचा प्रकार एवढंच असतं. इतक्या साध्या दगडाला सत्तर-ऐंशी वर्षं का लागली, त्याची ही पार्श्वभूमी.

कबरींच्या बाबतीत भेदभाव कधीच नव्हता, हे आधीच सांगतो. पहिल्या महायुद्धात १९१७ साली कबरींसाठी जी संस्था स्थापन झाली तिने दगड सगळ्यांना एकसारखा ठेवला, मग तो अधिकारी असो की साधा शिपाई. दुसऱ्या युद्धासाठी ३ सप्टेंबर १९३९ ते ३१ डिसेंबर १९४७ अशी मुदत धरली, आणि त्या काळात नोकरीत असताना मरण आलं की झालं, कशाने आलं हे विचारायचंच नाही. परदेशात गेलेल्याला घरी आणायची परवानगी नव्हती, पण ब्रिटनमध्येच गेलेल्या ब्रिटिश मुलाला घरचे गावी नेऊ शकत होते. ट्रेनिंगमध्ये गेलेल्या कितीतरी जणांच्या कबरी म्हणूनच गावच्या चर्चच्या आवारात एकट्या-दुकट्या सापडतात, आणि ज्यांचं घर समुद्रापलीकडे होतं ते तळाजवळच्या मोठ्या कबरस्तानात. उत्तर इंग्लंडमधल्या हॅरोगेटच्या स्टोनफॉल कबरस्तानात बघा, ओळीच्या ओळी कॅनडाच्या पोरांच्या आहेत. दगडाच्या तळाशी घरच्यांना स्वतःची एक ओळ कोरून घेता यायची, ठरावीक अक्षरांच्या मर्यादेत.

मग अडलं कुठे? माझ्या मते ‘ऑपरेशनल’ या शब्दापाशी.

शत्रूच्या दिशेने पाठवलेलं उड्डाण ते ऑपरेशनल आणि बाकी सगळं ट्रेनिंग, कागदावर एवढी सोपी विभागणी होती. पण तेव्हाचं ट्रेनिंग कसलं होतं ते बघा. प्राथमिक शिक्षण बऱ्याच जणांचं कॅनडात व्हायचं, १७ डिसेंबर १९३९ ला ओटावात त्यासाठी करार झाला आणि त्या योजनेतून १,३१,५५३ जण तयार झाले, त्यात साडेआठशेच्या आसपास पोरं शिकतानाच गेली. तिथून ब्रिटनला आलं की बॉम्बरवाल्यांचं शेवटचं ट्रेनिंग. एका मोठ्या हँगरमध्ये सगळ्यांना सोडायचे, पायलट, नॅव्हिगेटर, गनर, वायरलेसवाला, आणि सांगायचे की आपापले क्रू जमवा. मग वेलिंग्टन नाहीतर व्हिटलीसारखी, पुष्कळदा आघाडीवर वापरून थकलेली विमानं घेऊन रात्रीच्या लांब फेऱ्या. खाली ब्लॅकआउट म्हणून एक दिवा नाही, ढगात डोंगर लपलेले, पंखांवर बर्फ जमतंय, आणि विमान चालवणारा विशीतला. ब्रिटिश हवाईदलाच्या बॉम्बर दलाचे सव्वा लाख जण उडाले आणि नेहमी दिला जातो तो मृतांचा आकडा ५५,५७३ आहे, त्यातले आठ हजारांच्या वर ट्रेनिंग आणि अपघातात गेले. हा आकडा वाचल्यावरही कुणी ट्रेनिंग म्हणजे युद्धाच्या आधीची तयारी असं म्हणत असेल तर मला ते पटत नाही.

बरं, रेषा तरी पक्की होती का? तीही नाही. हीच शिकाऊ मंडळी फ्रान्सवर पत्रकं टाकायला जायची आणि ते ऑपरेशनल धरलं जायचं. ३० मे १९४२ च्या रात्री जर्मनीतल्या कोलोनवर हजारावर विमानं पाठवायची होती, तेवढी आघाडीच्या तुकड्यांकडे नव्हतीच, म्हणून जवळजवळ एक तृतीयांश विमानं ट्रेनिंगच्या तुकड्यांतून काढली, शिक्षक आणि शिकाऊ दोघंही त्यात बसले. म्हणजे तोच क्रू त्या रात्री पडला तर लढाईत गेला, आणि आठवड्याने वेल्सच्या डोंगरावर आदळला तर ‘फ्लाइंग अॅक्सिडेंट’. अपघाताच्या कार्डावर तर कारण म्हणून पायलटची चूक असा शेरा पडायचा, आणि ज्याच्यावर तो पडला तो उत्तर द्यायला राहिलेला नसायचा.

ही रेषा नंतर मेडलमध्येही उतरली. १९३९-४५ स्टार मिळायला विमानातल्या माणसाने ऑपरेशनल तुकडीत दोन महिने आणि निदान एक ऑपरेशनल उड्डाण केलेलं लागायचं. शिकतानाच गेलेल्याला ते कुठून जमणार? त्याच्या घरी २८ दिवसांच्या नोकरीवर मिळणारं वॉर मेडल यायचं. २०१३ मध्ये बॉम्बर दलासाठी खास क्लास्प (मेडलच्या फितीवर लावायची पट्टी) काढला तेव्हा ही चूक सुधारता आली असती, पण त्यालाही तीच ऑपरेशनल उड्डाणाची अट लावली. नियम करणाऱ्यांचं म्हणणं होतं की मेडल म्हणजे सेवेची मोजणी, मरणाची भरपाई नाही. युक्तिवाद म्हणून हे समजतं, पण त्या आठ हजारांचा विचार केला की ते कोरडंच वाटतं.

स्मारकांनी मात्र हा भेद फारसा मानला नाही. ज्यांचा देहच सापडला नाही अशा वीस हजारांवर जणांची नावं इंग्लंडमधल्या रनिमीडच्या स्मारकावर आहेत (१९५३), त्यात ट्रेनिंगच्या फेरीत समुद्रात गेलेलेही आहेत. १९५९ चं ओटावाचं स्मारक तर मोठ्या प्रमाणात शिकताना हरवलेल्यांचंच. लंडनच्या ग्रीन पार्कमधलं मोठं स्मारक २०१२ मध्ये आलं, आणि लिंकनला २०१५ मध्ये उंच सुळका उभा राहिला, लँकेस्टर बॉम्बरच्या पंखांच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतच्या लांबीइतका उंच. त्याभोवतीच्या पोलादी भिंतींवर सुमारे ५८,००० नावं कापून काढलीत, त्यात कोण कशात गेलं हे बघून कळत नाही.

जमिनीवरच्या जागांना कायद्याने संरक्षण मिळालं ते १९८६ मध्ये, तेव्हापासून ब्रिटनमध्ये पडलेल्या लष्करी विमानाची जागा परवान्याशिवाय उकरता येत नाही. स्कॉटलंडच्या बेन मोर असिंटवर एप्रिल १९४१ मध्ये ट्रेनिंगवरचं एक अॅन्सन विमान पडलं, सहाही जण गेले, सापडले तेव्हा त्यांना खाली आणणंच शक्य नव्हतं म्हणून तिथेच पुरलं. वर दगडांची रास रचली होती ती झिजत गेली, शेवटी २०१३ मध्ये हेलिकॉप्टरने ग्रॅनाइटचा दगड वर नेऊन ठेवला, आणि आता सहाही नावं त्या डोंगरावर वाचता येतात.

लिंकनशायरमधल्या स्कॉपविकला एका १९ वर्षांच्या पायलटची कबर आहे. ११ डिसेंबर १९४१ ला ट्रेनिंग चालू असताना त्याचं स्पिटफायर ढगांपाशी दुसऱ्या विमानावर आदळलं. त्याने उडण्यावर लिहिलेली कविता पुढे जगभर गेली, तिच्या ओळी त्याच्या दगडावर आहेत आणि लोक मुद्दाम बघायला येतात. दुसरं विमान ऑक्सफर्ड प्रकारचं होतं, क्रॅनवेलच्या तळावरच्या ट्रेनिंगचं, आणि त्यातला शिकाऊ पायलटही त्याच क्षणी गेला.