पुतळ्याला साप चावतो तेव्हा

पावसाळा लागला, की नागपुरात मेडिकल आणि मेयो या सरकारी रुग्णालयांत सर्पदंशाचे रुग्ण येऊ लागतात. कुणी रामटेककडचा, कुणी धानाच्या बांधीतून थेट आणलेला. प्रतिविष सलाईनमधून सुरू होतं आणि इथेच दुसरा धोका असतो. हे औषध घोड्याच्या रक्तापासून बनतं. काहींच्या शरीराला ते सोसत नाही. अंगावर गांधी उठतात, धाप लागते, रक्तदाब कोसळतो. अशा वेळी प्रतिविष तिथल्या तिथे थांबवायचं आणि मोठ्या माणसाला ॲड्रेनालिन ०.५ मिलिग्रॅम, मांडीच्या बाहेरच्या बाजूला, स्नायूत द्यायचं. उशीर जिवावर बेततो. आणि पहिली गांधी बहुतेक वेळा दिसते ती खाटेजवळच्या सिस्टरला.

नर्सिंगच्या मुलीनं हे शिकायचं कुठे? वाचून पाठ होतं, हातात बसत नाही. खऱ्या रुग्णावर पहिली चूक व्हावी, हे मला मान्य नाही. म्हणून सिम्युलेशन: छाती हलणारा, नाडी लागणारा पुतळा, आणि पडद्याआडून ‘जीव घाबरतोय’ म्हणणारे शिक्षक. कल्पना जुनी आहे. अमेरिकेतल्या हार्टफर्डच्या नर्सिंग शाळेत १९११ साली ‘मिसेस चेज’ नावाची माणसाएवढी बाहुली आली, ती बाहुल्या बनवणाऱ्या मार्था चेज यांनी घडवली होती.

खरं शिक्षण मात्र प्रसंग संपल्यावर होतं. सगळे गोल बसतात आणि शिक्षक विचारतात, ‘तेव्हा तुझ्या मनात काय चाललं होतं?’ समजा, ती म्हणाली, ‘लाल पुरळ दिसला, पण घामोळ्या वाटल्या.’ हाताची चूक दिसते. विचारातली चूक अशी बोलतं केल्यावरच सापडते. ही चर्चा प्रसंगापेक्षा लांबली तरी चालेल, गाळली तर पुतळा खेळणंच उरतो.

अमेरिकेतल्या दहा नर्सिंग शिक्षणक्रमांचा मोठा अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. त्यात वॉर्डातले निम्म्यापर्यंत तास सिम्युलेशनला दिले, तरी विद्यार्थी ज्ञानात वा कौशल्यात मागे पडले नाहीत. अटी दोनच: शिक्षक तयारीचे हवेत आणि चर्चा नीट व्हायला हवी.

आपल्याकडे मला आणखी एक गोष्ट हवीशी वाटते. पुतळ्याला नातेवाईक नसतात. आपल्या वॉर्डात खाटेभोवती चार जण असतात. म्हणून सरावात एकीनं रुग्णाची आई व्हावं आणि ऐन घाईत विचारावं, ‘सिस्टर, सलाईन काऊन बंद केलं?’ हात इंजेक्शन भरत असताना त्या माउलीला दोन वाक्यांत समजेल असं सांगणं, याचाही सराव लागतो.