मेल आधी लिहा, फोन मग लावा

'आता नेट नसतानाही मेल लिहा!' असं एका अ‍ॅपच्या जाहिरातीत नवीन शोध लागल्यासारखं सांगितलेलं बघितलं आणि राहवलं नाही. अहो, पूर्वी डायल-अपवर, म्हणजे फोनचा नंबर लावून कॉम्प्युटर जोडायचे तेव्हा, नुसत्या अक्षरांच्या स्क्रीनसमोर बसणारे लोक मेल असाच तर लिहायचे! फोन न लावता साध्या एडिटरमध्ये पत्र लिहायचं, फाइल सेव्ह करायची, मग नंबर लावून ती वर चढवायची.

कारण साधं आहे. आपण सेकंदाला तीन-चार अक्षरं टाइप करतो आणि सेकंदाला 2400 बिट वेगाचा मॉडेम (कॉम्प्युटरचा मजकूर फोनच्या लाइनवरून पाठवणारं यंत्र) सेकंदाला 240 अक्षरं पाठवतो (एका अक्षराचे 8 बिट, शिवाय सुरुवातीचा एक आणि शेवटचा एक, असे 10). म्हणजे 2000 अक्षरांचं पत्र हाताने टाइप करायला दहा मिनिटं आणि तयार फाइल जायला नऊ सेकंदसुद्धा नाहीत, आणि जोडलेल्या वेळाचे पैसे पडत असतील तर हा फरक केवढा झाला बघा.

पण फोनची लाइन बोलण्यासाठी बनवलेली, त्यात जरा खरखर झाली की अक्षरं बदलतात. यावर वॉर्ड क्रिस्टेन्सन यांनी 1977 मध्ये एक्समोडेम ही फाइल पाठवायची पद्धत काढली आणि ती मला आजही जाम आवडते. फाइलचे 128 बाइटचे ब्लॉक करायचे, प्रत्येक बाइट म्हणजे शेवटी एक आकडाच, तर त्या सगळ्यांची बेरीज करून 256 ने भागायचं आणि बाकी ब्लॉकच्या मागे जोडायची. समजा बेरीज आली 10300, तर बाकी 60. पलीकडचा कॉम्प्युटर तीच बेरीज पुन्हा करतो. वाटेत एक बिट उलटून 65 चा 67 झाला असेल तर त्याची बाकी येते 62, की लगेच तो 21 नंबरचा कोड पाठवतो, म्हणजे 'पुन्हा दे'. जुळलं तर 6, म्हणजे 'पुढचा दे'. आता एक आकडा 2 ने वाढला आणि दुसरा 2 ने कमी झाला तर? बेरीज तीच, चूक सुटली! म्हणून पुढे सीआरसी हा जास्त पक्का ताळा आला, त्यात अख्खा ब्लॉक एक लांबलचक बहुपदी धरून ठरलेल्या बहुपदीने भागतात आणि 16 बिटांची बाकी पाठवतात, त्यामुळे कुठला बिट कुठल्या जागी आहे तेही मोजलं जातं आणि सलग 16 बिटांपर्यंतचा बिघाड हमखास पकडला जातो.

अर्थात मजकूर जसाच्या तसा पोचला एवढंच यातून कळतं, तो खरा आहे असं नाही. 'दहा जणांना पाठवा नाहीतर अनर्थ होईल' असले मेलही बिनचूक पोचतात, ते तिथेच डिलीट करावेत.

काही ठिकाणी फाइल सरळ मेलच्या एडिटरमध्ये ओतायचे, तिथे वेगळीच भानगड. बऱ्याच सिस्टिममध्ये ओळीवर नुसता एक टिंब आला की मेल संपला असं धरायचे. आपल्या मजकुरातच तशी ओळ असली की पत्र तिथेच तुटायचं आणि उरलेल्या ओळी कमांड समजून वाचल्या जायच्या. एसएमटीपीमध्ये, म्हणजे आजही मेल ज्या नियमांनी पाठवले जातात त्यात, ही टिंबाची खूण अजून आहे, म्हणून टिंबाने सुरू होणाऱ्या ओळीला पाठवणारा प्रोग्रॅम आणखी एक टिंब लावतो आणि घेणारा तो काढून टाकतो.