कंटेनरमधील तात्पुरती कार्यजागा

कंटेनरमध्ये, म्हणजे प्रोग्रॅमला बाकी यंत्रापासून वेगळे ठेवणाऱ्या कप्प्यात, चालणारा प्रोग्रॅम कामापुरत्या फायली जिथे लिहितो ती डिस्कवरची किंवा मेमरीतली जागा. अपलोड होत असलेल्या फाईलचे तुकडे, बिल्डमधला अर्धवट माल, कॅश (पुन्हा लागेल म्हणून जवळ ठेवलेली प्रत), लॉग (प्रोग्रॅमने लिहिलेल्या नोंदी) हे सगळे तिच्यात येते. ही जागा कोणाबरोबर जन्मते, कोणाबरोबर संपते आणि तिला किती वाढू द्यायचे, हे आधीच ठरवून ठेवणे म्हणजे तिचे व्यवस्थापन.

कंटेनरची इमेज, म्हणजे तो ज्यातून उभा राहतो तो फायलींचा साचा, फक्त वाचण्यापुरती असते. कंटेनर तयार होताना तिच्यावर लिहिता येईल असा एक थर चढतो. २०१३ मध्ये आलेला डॉकर हा कंटेनर चालवणारा प्रोग्रॅम लिनक्सवर यासाठी सहसा ओव्हरले फाईलसिस्टम (थरांवर थर रचून ते एकत्र दाखवणारी) वापरतो. इमेजमधली मोठी फाईल थोडीशी जरी बदलायची म्हटली, तरी ती आधी पूर्णच्या पूर्ण वरच्या थरात कॉपी होते. पुसली, तर जागा सुटत नाही. ‘ही फाईल आता नाही’ एवढी खूण तेवढी पडते. कंटेनर थांबवल्यावरही हा थर जागच्या जागी राहतो आणि कंटेनर काढून टाकल्यावरच जातो. थांबवून विसरलेले कंटेनर महिनोन्‌महिने डिस्क अडवतात ते यामुळेच.

अनेक यंत्रांवरचे कंटेनर सांभाळणाऱ्या कुबरनेटिसमध्ये याच कामासाठी ‘एम्प्टीडिर’ हा व्हॉल्यूम (कंटेनरला जोडलेली साठवणीची जागा) आहे. पॉड (एकत्र चालणाऱ्या कंटेनरांचा गट) एखाद्या नोडवर (यंत्रावर) नेमला गेला की हा व्हॉल्यूम रिकामा तयार होतो आणि पॉड तिथून हटला की कायमचा पुसला जातो. मात्र पॉडमधला कंटेनर कोसळून पुन्हा सुरू झाला, तर आतला मजकूर तसाच राहतो. ही सोय आहे, आणि घात इथेच होतो. समजा, व्हिडिओचे रूपांतर करणारा प्रोग्रॅम मध्येच कोसळतो आणि दर वेळी २ जीबीची अर्धवट फाईल मागे ठेवतो. कंटेनर आपोआप उठतो, नव्या नावाने फाईल उघडतो, पुन्हा कोसळतो. पाचव्या खेपेला १० जीबी भरलेले असतात आणि त्यातले काहीही कामाचे नसते. सुरू होताक्षणी आपली डिरेक्टरी झाडून घेणे, हा यावरचा सर्वांत भरवशाचा उपाय. बाहेर पडताना आवरू, यावर विसंबता येत नाही. पॉड बंद करताना ‘सिगटर्म’ (आवरून बंद हो) या संदेशानंतर साधारण ३० सेकंद मिळतात, पण ‘सिगकिल’ (तत्काळ बंद) आल्यावर प्रोग्रॅमची एक ओळही चालत नाही.

डिस्कवरच्या जागेला मर्यादा घालता येते; ती भिंतीसारखी नसते, एवढे ध्यानात ठेवावे. नोडवरचा क्युबलेट, म्हणजे तिथले पॉड सांभाळणारा कुबरनेटिसचा प्रोग्रॅम, वापर ठरावीक अंतराने तपासतो. मर्यादा ओलांडलेली दिसली की ‘जागा नाही’ अशी चूक येत नाही, अख्खा पॉडच नोडवरून काढला जातो. लिनक्सवर क्युबलेटच्या मूळ मांडणीत नोडची डिस्क १० टक्क्यांपेक्षा कमी किंवा आयनोड (प्रत्येक फाईलमागे लागणारी नोंद) ५ टक्क्यांपेक्षा कमी उरले, तरी हकालपट्टी सुरू होते. लाखो चिमुकल्या फायली आयनोड संपवतात, तेव्हा डिस्क जवळपास रिकामी दिसत असते. मेमरीतला एम्प्टीडिर वेगवान, पण त्यात लिहिलेला प्रत्येक बाइट कंटेनरच्या मेमरी मर्यादेत धरला जातो.

लॉगचा हिशेब बहुतेक वेळा राहून जातो. डॉकरचा नेहमीचा जेसन-फाईल लॉग आकाराची मर्यादा घातल्याशिवाय वाढतच राहतो. क्युबलेट मात्र आपण होऊन दर कंटेनरला १० एमबीच्या आसपासच्या ५ फायलींवर थांबतो.

एक कोडे नेहमी पडते: ‘डीएफ’ (डिस्क किती भरली ते दाखवणारा हुकूम) डिस्क भरल्याचे सांगतो, ‘डीयू’ला (फायलींचे आकार मोजणाऱ्या हुकमाला) मात्र तेवढ्या फायली सापडत नाहीत. फाईल पुसलेली असते, पण एखाद्या प्रक्रियेने ती उघडी धरलेली असते. ती प्रक्रिया फाईल बंद करेपर्यंत किंवा स्वतः संपेपर्यंत जागा परत मिळत नाही.