रेणू किती मोठा असू शकतो? हेर्मान श्टाउडिंगर आणि बहुवारिक रसायनशास्त्राची पार्श्वभूमी

बहुवारिकांचे (पॉलिमरचे) कारखाने आधी आले, शास्त्र मागाहून. चार्ल्स गुडइयर यांनी गंधक घालून रबर टणक करण्याची रीत शोधली ती १८३९ साली. त्याच वर्षी बर्लिनचे औषधविक्रेते एडुआर्ड सिमोन यांनी स्टोरॅक्स नावाच्या डिंकापासून स्टायरीन काढले आणि ते ठेवल्या ठेवल्या घट्ट होते, हेही नोंदवले. पुढे सेल्युलॉइड आले, १९०७ मध्ये लिओ बेकलंड यांचे बेकेलाइट आले. या वस्तू बाजारात विकल्या जात होत्या, त्यांचे पेटंट घेतले जात होते. पण त्या कशाच्या बनल्या आहेत, हे विचारले तर रसायनशास्त्रज्ञांचे उत्तर चुकीचे होते, आणि त्या चुकीवर बहुतेकांचे एकमत होते.

ते उत्तर असे: रबर, सेल्युलोज, प्रथिने यांचे रेणू लहानच असतात, फक्त ते झुंडीने एकत्र राहतात. ही समजूत निराधार नव्हती. साबणाचे छोटे रेणू पाण्यात खरोखरच पुंजके करतात आणि त्या द्रावणाचे वागणे कलिलासारखे (द्रवात तरंगणाऱ्या अतिसूक्ष्म कणांच्या मिश्रणासारखे) होते. मग रबर वेगळे का मानायचे? कार्ल हारिस यांनी ओझोनने रबराचे तुकडे केले आणि त्यावरून रबर म्हणजे आठ कार्बनी छोटी वलये, असे मांडले. ती वलये एकमेकांना धरून राहतात ती दुहेरी बंधांजवळ उरलेल्या ‘आंशिक संयुजे’मुळे, असे स्पष्टीकरण होते. आंशिक संयुजेची कल्पना योहानेस टीले यांची, आणि त्यांच्याच प्रयोगशाळेत तरुण श्टाउडिंगर काम करत होते. एमिल फिशर यांनी १९०७ मध्ये १८ अमिनो आम्लांची साखळी जोडली. तिचा रेणुभार १,२१३. पाच हजारांच्या वर खरा रेणू जात नाही, असा त्या काळातल्या मोठ्या लोकांचा कल होता.

हा आकडा इतका चिवट का ठरला, हे मोजण्याच्या पद्धतीत पाहिले की कळते. रेणुभार काढायची नेहमीची रीत गोठणबिंदूची. १०० ग्रॅम बेंझिनमध्ये १ ग्रॅम पदार्थ विरघळवा आणि बेंझिन किती अंश खाली गोठते ते बघा. रेणुभार ५०० असेल तर घट सुमारे ०.१ अंश येते, ती सहज वाचता येते. रेणुभार एक लाख असेल तर घट ०.०००५ अंश. बेकमन तापमापीवर खुणा ०.०१ अंशाच्या, अंदाजाने ०.००१ पर्यंत वाचता येईल. म्हणजे खरी घट वाचनाच्या चुकीत बुडते. याहून वाईट गोष्ट पाण्याची. एक किलो बेंझिनमध्ये २ मिलिग्रॅमहून कमी पाणी राहिले, तरी ते गोठणबिंदूवर तेवढाच परिणाम करते जेवढा एक लाख रेणुभाराचे १० ग्रॅम रबर करील. अशुद्धी छोट्या रेणूंची असते, म्हणून मोजलेला रेणुभार नेहमी खालच्या बाजूलाच घसरतो. उपकरणाची ही एकांगी चूक प्रचलित सिद्धान्ताला हवे तेच उत्तर देत राहिली.

हेर्मान श्टाउडिंगर यांचा जन्म २३ मार्च १८८१ रोजी जर्मनीतल्या व्होर्म्स येथे झाला. मूळ ओढा वनस्पतिशास्त्राकडे. वडिलांच्या सल्ल्याने ते रसायनशास्त्राकडे आले. १९०३ मध्ये हाले येथे डॉक्टरेट, मग स्ट्रासबुर्गमध्ये टीले यांच्याकडे काम. तिथे त्यांना १९०५ मध्ये कीटीन हा अतिशय क्रियाशील संयुगांचा वर्ग सापडला. त्या एका शोधावर कुणाचीही कारकीर्द निभावली असती. १९१२ मध्ये ते झुरिकच्या तंत्रविद्यापीठात रिखार्ड व्हिलश्टेटर यांच्या जागी प्राध्यापक झाले. अशा प्रतिष्ठित जागेवरच्या माणसाने चाळिशीच्या उंबरठ्यावर, सहकारी ज्याला ‘चिकट चिखल’ समजत त्या विषयात उडी घ्यावी, याला धाडस लागते. १९२० साली त्यांचा ‘बहुवारिकीकरणा’वरचा लेख आला. त्यात पॉलिस्टायरीन, पॉलिऑक्सिमेथिलीन आणि रबर यांच्यासाठी त्यांनी साधी लांब साखळी काढून दाखवली. कसलेही खास बल नाही, नेहमीचेच सहसंयुजी बंध (अणूंनी इलेक्ट्रॉन वाटून घेऊन होणारे), एकापाठोपाठ एक.

पण सूत्र कागदावर काढणे म्हणजे पुरावा नव्हे. पुराव्याचा पहिला प्रयोग याकोब फ्रिची यांच्यासह १९२२ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि त्याची रचना फार नेटकी आहे. हारिस म्हणतात त्याप्रमाणे छोटी वलये दुहेरी बंधांमुळे चिकटून असतील, तर ते दुहेरी बंधच काढून टाकू. रबरात हायड्रोजन भरला की आंशिक संयुजा उरणार नाही, झुंड फुटेल आणि हाती सहज ऊर्ध्वपातित होणारा साधा हायड्रोकार्बन येईल. त्यांनी २५० अंशांहून अधिक तापमानाला, मोठ्या दाबाखाली, प्लॅटिनम उत्प्रेरक वापरून रबराचे हायड्रोजनीकरण केले. हाती आले ते रबरासारखेच कलिली द्रावण देणारे द्रव्य. ते ऊर्ध्वपातित होईना. जास्त तापवले तर विघटन पावे. दुहेरी बंध गेले तरी आकार टिकला. या लेखात त्यांनी ‘महारेणू’ हा शब्द वापरला.

विरोधकांकडे आणखी एक भक्कम वाटणारे हत्यार होते, क्ष-किरणांचे. सेल्युलोजची स्फटिकी एकक कोशिका, म्हणजे स्फटिकात पुन्हा पुन्हा येणारा सर्वांत लहान ठोकळा, लहान निघाली होती. रेणू एकक कोशिकेत मावलाच पाहिजे, अशी स्फटिकशास्त्रातली रुळलेली धारणा. म्हणून रेणूही लहान. झुरिक सोडण्यापूर्वी, १९२५ मध्ये, श्टाउडिंगर यांनी दिलेल्या व्याख्यानात खनिजशास्त्रज्ञ पाउल निग्ली यांच्यासह अनेकांनी याच मुद्द्यावर त्यांना धारेवर धरले. उत्तर मिळाले ते फॉर्माल्डिहाइडच्या बहुवारिकातून, म्हणजे पॉलिऑक्सिमेथिलीनमधून. या साखळीच्या दोन्ही टोकांना अॅसिटेट गट बसवले की पदार्थ टिकाऊ होतो, आणि टोकाच्या गटांचे प्रमाण रासायनिक विश्लेषणाने मोजून साखळीची लांबी थेट काढता येते. लांबी जितकी जास्त, तितके टोकांचे प्रमाण कमी. अशा साखळ्या एकेक करून वेगळ्या काढल्या गेल्या. लांबी वाढे तसा वितळणबिंदू चढे आणि विद्राव्यता घटे, कुठेही उडी न घेता. क्ष-किरणांत मात्र एकक कोशिका तशीच छोटी. म्हणजे कोशिकेत साखळीचा एक तुकडाच असतो आणि साखळी अनेक कोशिकांतून आरपार जाते. या कामातले एक सहकारी रुडोल्फ सिग्नर. पुढे बर्नमध्ये त्यांनीच तयार केलेल्या उत्तम डीएनएवर लंडनमध्ये रोझलिंड फ्रँकलिन यांनी आपली क्ष-किरण छायाचित्रे घेतली.

सप्टेंबर १९२६ मध्ये ड्यूसेलडॉर्फच्या निसर्गशास्त्रज्ञांच्या परिषदेत दोन्ही बाजू समोरासमोर आल्या. मॅक्स बेर्गमान, हान्स प्रिंगसहाइम हे लहान रेणूंच्या बाजूने, हेर्मान मार्क मधल्या भूमिकेत, आणि श्टाउडिंगर जवळपास एकटे. हाइनरिख व्हीलांट यांच्यासारख्या मित्रानेही त्यांना हा नाद सोडण्याचा सल्ला दिला होता: रबर नीट शुद्ध करा, ते स्फटिकरूप होईल आणि लहानच ठरेल.

त्याच वर्षी ते फ्रायबुर्गला गेले आणि पुढची दहा-बारा वर्षे एकाच प्रश्नाला चहूबाजूंनी भिडले. माझ्या मते त्यांचा सर्वांत निर्णायक प्रयोग हायड्रोजनीकरणाचा नव्हे, तर पुढे केलेल्या अदलाबदलीचा. सेल्युलोज घ्या, त्याचे अॅसिटेट करा, अॅसिटेट काढून पुन्हा सेल्युलोज मिळवा. प्रत्येक टप्प्यावर साखळीतल्या घटकांची संख्या मोजा. ती तीच राहते. रेणू दुबळ्या बलांनी चिकटलेले असते, तर बाजूचे गट आणि द्रावक बदलल्यावर झुंडीचा आकार बदललाच असता. यात एक अडचण होती: तांबे-अमोनियाच्या द्रावणात सेल्युलोज हवेतल्या ऑक्सिजनने तुटते. हवा वगळली नाही तर साखळ्या आखूड होतात आणि सगळी तुलना कोसळते. म्हणून ही कामे नायट्रोजनखाली करावी लागत.

रोजच्या मोजमापासाठी मात्र स्वस्त आणि झटपट पद्धत हवी होती. ती त्यांना श्यानतेत, म्हणजे द्रवाच्या दाटपणात, सापडली. आपल्याकडे एमएस्सीच्या प्रात्यक्षिकात आजही होणारा हा प्रयोग मुळात त्यांचाच वारसा आहे. अर्धा ग्रॅम पॉलिस्टायरीन टोल्युइनमध्ये विरघळवून १०० मिलिलिटर करायचे. घाई चालत नाही. पदार्थ आधी फुगतो, मग विरघळतो, त्यामुळे रात्रभर ठेवलेले बरे. काचेच्या सच्छिद्र गाळणीतून गाळायचे, कारण धुळीचा एक कण केशनळीत अडकला तरी वेळ बिघडतो. २५ अंशांच्या स्थिर जलपात्रात श्यानतामापी उभा धरून आधी नुसत्या टोल्युइनचा आणि मग द्रावणाचा वाहण्याचा वेळ घ्यायचा. टोल्युइनची श्यानता दर अंशाला सुमारे एक टक्का बदलते, म्हणून तापमान शंभराव्या अंशाच्या पातळीवर सांभाळावे लागते.

दोन लाख रेणुभाराचे पॉलिस्टायरीन असेल आणि टोल्युइनला १०० सेकंद लागत असतील, तर या द्रावणाला सुमारे १४३.५ सेकंद लागतील. निम्मे विरल केले तर १२०.५ च्या आसपास. मूळ वेळेच्या मानाने झालेल्या वाढीला संहतीने (१०० मिलिलिटरमधल्या ग्रॅमने) भागले की ०.८७ आणि ०.८२ हे आकडे येतात. संहती शून्याकडे नेली की रेषा ०.७७ ला अक्ष कापते. ही अंतर्निहित श्यानता. विद्यार्थ्यांची चूक इथे होते: अधिक अचूकतेच्या आशेने द्रावण फार विरल करतात. संहती चौथ्या हिश्शावर, ०.१२५ ग्रॅमवर, आणली तर वाढ जेमतेम १० सेकंदांची उरते आणि एका सेकंदाची गफलत दहा टक्क्यांची चूक होते.

१९३० मध्ये श्टाउडिंगर यांनी मांडलेला नियम सरळ होता: श्यानतेतली वाढ रेणुभाराच्या सम प्रमाणात. त्यांच्या मनात साखळी म्हणजे ताठ काडी होती. इथे ते चुकले. वेर्नर कून यांनी दाखवले की साखळी द्रावणात विस्कटलेल्या सुताच्या गुंत्यासारखी वळलेली असते. गुंता लांबीच्या प्रमाणात पसरत नाही. पुढे मार्क आणि हाउविंक यांनी रेणुभारावर घातांक ठेवला, लवचीक साखळ्यांसाठी साधारण ०.५ ते ०.८. टोल्युइनमधल्या पॉलिस्टायरीनचा सुमारे ०.७३. फरक किती पडतो? १०,००० रेणुभाराच्या नमुन्यावर स्थिरांक ठरवून सरळ नियमाने वरचा नमुना मोजला, तर दोन लाखांऐवजी उत्तर येते सुमारे ८९ हजार. महारेणूंसाठी सगळ्यांशी भांडणारा माणूस आपल्याच सूत्राने त्यांना निम्म्याहून लहान मोजत होता, आणि ताठ काडीचा आग्रह त्यांनी फार काळ सोडला नाही. तरीही पद्धत टिकली, कारण फक्त घातांक बदलायचा होता. दरम्यान स्वीडनमध्ये थेओडोर स्वेडबर्ग यांच्या अल्ट्रासेंट्रिफ्यूजने (अतिवेगाने फिरवून रेणू खाली बसवणाऱ्या यंत्राने) हिमोग्लोबिनचा रेणुभार ६७ हजारांच्या घरात दाखवला होता. पाच हजारांची भिंत दोन्ही बाजूंनी कोसळत होती.

अमेरिकेत ड्यूपाँ कंपनीत १९२८ पासून वॉलेस कॅरोदर्स यांनी उलट वाट धरली: निसर्गातली साखळी उकलण्याऐवजी ओळखीच्या अभिक्रियांनी ती स्वतः बांधायची. त्यातून हिशेब पुढे आला. ९५ टक्के अभिक्रिया झाली तर साखळीत सरासरी २० घटक, ९९ टक्के झाली तर १००. शिवाय दोन घटकद्रव्यांपैकी एक फक्त एक टक्का जास्त पडले, तर अभिक्रिया पूर्ण झाली तरी २०० च्या पुढे जाता येत नाही. म्हणूनच नायलॉनसाठी अॅडिपिक आम्ल आणि हेक्झामेथिलीन डायअमिन वजन करून मिसळण्यापेक्षा त्यांचे स्फटिकी लवण आधी बनवतात. त्यात प्रमाण आपोआप एकास एक राहते. नायलॉन ६,६ फेब्रुवारी १९३५ मध्ये तयार झाले. कॅरोदर्स यांनी एप्रिल १९३७ मध्ये आयुष्य संपवले, नायलॉन बाजारात येण्याआधीच.

श्टाउडिंगर यांचे दिवसही सोपे नव्हते. पहिल्या महायुद्धात त्यांनी जर्मनीच्या विजयाच्या आशेविरुद्ध आणि विषारी वायूंविरुद्ध लिहिले होते. नाझी सत्तेत आल्यावर फ्रायबुर्गचे कुलगुरू, तत्त्वज्ञ मार्टिन हायडेगर यांनी त्याच जुन्या भूमिकेवरून त्यांना काढून टाकण्याची शिफारस केली. त्यांची जागा कशीबशी वाचली. नोव्हेंबर १९४४ च्या बॉम्बहल्ल्यात त्यांची संस्था जळाली. १९४७ मध्ये त्यांनी या विषयाचे स्वतंत्र नियतकालिक सुरू केले आणि १९५३ मध्ये, ७२ व्या वर्षी, त्यांना नोबेल मिळाले.

श्यानतेचा तो आकडा आज कारखान्यात रोज लागतो. पाण्याच्या बाटल्यांसाठी लागणाऱ्या पेट (PET) या प्लास्टिकच्या दाण्यांची प्रतच अंतर्निहित श्यानतेने ठरते: बाटलीसाठी ०.८ च्या आसपास, कापडी धाग्यासाठी ०.६ च्या थोडी वर. हा आकडा घसरवणारा मुख्य शत्रू पाणी. २८० अंशांना वितळलेल्या पेटमध्ये पाण्याचा एक रेणू एक साखळी तोडतो. सरासरी रेणुभार २५,००० धरला तर एका टनात साखळ्यांचे ४० मोल (मोल म्हणजे रेणूंची संख्या मोजण्याचे एकक) असतात. दाणे ०.००५ टक्क्यांपर्यंत वाळवले असतील तर सुमारे ३ मोल साखळ्या तुटतात, ते चालते. ०.०२ टक्के ओल राहिली तर ११ मोल तुटतात आणि रेणुभार साडेएकोणीस हजारांवर येतो. पावसाळी हवेत उघड्या पोत्यातले दाणे ०.२ टक्के ओल सहज धरतात. ते तसेच यंत्रात घातले तर रेणुभार सात हजारांच्याही खाली जातो आणि बाटली फुगवण्यासाठी बनवलेली नळी (प्रीफॉर्म) फुगतानाच फुटते. म्हणून दाणे १६० ते १७० अंशांच्या कोरड्या हवेत चार ते सहा तास वाळवल्याशिवाय यंत्र सुरू करत नाहीत.