पायाळू बाळंतपण : सुईणकौशल्याचा ऱ्हास

पायाळू बाळंतपण : गर्भाचे डोके वर राहून कुल्ले, गुडघे किंवा पाय आधी बाहेर येणारी प्रसूती. पूर्ण दिवसांच्या गरोदरपणात प्रमाण सुमारे ३ ते ४ टक्के. पायाळूने लाथ मारली की उसण जाते, ही समजूत परिचितच आहे.

सुश्रुतसंहितेत (काळ वादग्रस्त) कुल्ल्यांनी आलेला मूढगर्भ (अडलेला गर्भ) वर सारून, मांड्या पसरवून काढावा असे सांगितले आहे. आज ओढणे टाळतात. बाळ आपोआप बेंबीपर्यंत उतरू देतात. हात अडकले तर कमरेच्या हाडांवर धरून, पोट न दाबता, धड फिरवतात (लव्सेटची पद्धत). मानेवरची केसांची रेषा दिसली की धड बाहूवर घेऊन दोन बोटे गालांच्या हाडांवर टेकवतात व हनुवटी छातीकडे वळवतात. या शेवटच्या युक्तीला मोरिसो, स्मेली व फाइट या प्रसूतिवैद्यांची तीन नावे जोडली जातात. मोरिसोच्या १६६८ च्या ग्रंथाला अग्रमान देण्याचा प्रघात आहे. तो बाळाच्या तोंडात बोट घाली. स्मेलीचा ग्रंथ १७५२ चा, तर फाइट एकोणिसाव्या शतकातला. मूळ युक्ती सुईणींच्या हातची असून ग्रंथकारांनी ती टिपली असावी, हे अधिक संभवनीय वाटते.

२००० साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात २६ देशांतील सुमारे २,००० स्त्रियांची चाचणी प्रसिद्ध झाली. नियोजित सिझेरियनमध्ये बाळाचा मृत्यू वा गंभीर इजा १.६ टक्के, नियोजित योनिमार्गी प्रसूतीत ५ टक्के आढळली. त्यानंतर नेदरलँड्समध्ये पायाळूंच्या सिझेरियनचे प्रमाण दोनच महिन्यांत ५० वरून ८० टक्क्यांवर गेले. पुढे २००४ मध्ये त्याच चाचणीतील बाळांची दोन वर्षांची पाहणी आली. मृत्यू वा विकासातील विलंबात दोन गटांत फरक दिसला नाही. चाचणीतील प्रसूती करणाऱ्यांच्या अनुभवाबद्दलही आक्षेप घेतले गेले, आणि ते वजनदार आहेत. मात्र तोवर प्रसूतिकक्षांतून शिकवणारे हात कमी झाले होते. नव्या सुईणीला अशी प्रसूती पाहायलाही मिळेना. ही हानी मोठी आहे.

ब्रिटनमधील प्रसूतितज्ज्ञांच्या २०१७ च्या मार्गदर्शिकेत प्रसूतीच्या सुमारास होणाऱ्या बाळाच्या मृत्यूचे प्रमाण हजारी असे दिले आहे : नियोजित सिझेरियन ०.५, डोक्याकडून प्रसूती १, नियोजित योनिमार्गी पायाळू प्रसूती २. इंग्लंडमध्ये मेरी क्रॉंक या सुईणीने हात-गुडघ्यांवर ओणव्या स्थितीतील, हात न लावता होऊ देण्याच्या प्रसूतीचा आग्रह धरला. कधी कधी कळा सुरू झाल्यावरच गर्भ पायाळू असल्याचे कळते, तेव्हा शस्त्रक्रियेला वेळ उरेलच असे नाही. म्हणून आता पुतळ्यावर सराव घेतात. पुतळ्याच्या अंगात जिवंत बाळाचा ताठरपणा नसतो. हात केव्हा आवरायचे, हे त्यावर शिकता येत नाही.